ऑर्डर मोठी, नफा बरा, पण ऑक्टोबरपर्यंत पैसे कुठून आणायचे?

भोसरीचा_लेथवाला

मंडळी, धंद्यातल्या लोकांचं मत हवंय. नोकरीवाल्यांनीही बिनधास्त लिहा, पण "कर्ज काढा" किंवा "कर्ज काढू नका" एवढंच लिहून पळू नका.

भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. शाफ्ट, बुश, पिन असा माल गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांना जातो. महिन्याला साधारण २० लाखांचं बिलिंग. गिऱ्हाइकं जुनी आहेत, पैसे मागेपुढे का होईना, येतात. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायचं कर्ज) २५ लाखांची, त्यातले १५-१६ कायम वापरात.

आता एका नव्या कंपनीकडून महिन्याला १० लाखांची ऑर्डर आली आहे. मटेरियल आमचं, पेमेंट जीआरएनपासून (कंपनीने माल स्वीकारल्याच्या नोंदीपासून) ६० दिवसांनी. रात्रपाळी लावली की मशिनं पुरतात. भागीदार (माझा मावसभाऊ) म्हणतो, डोळे झाकून घे, कोटेशनमध्ये १६ टक्के सुटतात, हल्ली देतंय कोण १६ टक्के?

सही करण्याआधी मी हिशोब मांडला. एका महिन्याचा असा:

बिल १०,००,००० अधिक जीएसटी १,८०,०००, एकूण ११,८०,०००.
स्टील ५,५०,००० अधिक जीएसटी ९९,०००, एकूण ६,४९,०००. स्टीलवाला एवढ्या वाढीव मालाला उधारी देत नाही, गाडी उतरली की पैसे.
पगार, ओव्हरटाइम, वीज, इन्सर्ट, हीट ट्रीटमेंट, टेम्पो मिळून २,९०,०००.
सुटले १,६०,०००.

हे वहीतलं. आता बँकेच्या खात्यातलं बघा, सुरुवात जुलैपासून धरून. आकडे लाखांत.

जुलै: ९.३९ बाहेर, आत शून्य.
ऑगस्ट: पुन्हा ९.३९, शिवाय २० तारखेला जुलैच्या बिलांचा जीएसटी (१.८० वजा ०.९९) ०.८१. एकूण गेले १९.५९.
सप्टेंबर: पुन्हा १०.२०. एकूण गेले २९.७९.
ऑक्टोबर: सॅम्पल मंजुरीमुळे जुलैचा माल महिनाअखेरीलाच उतरणार, म्हणजे ६० दिवस सप्टेंबरअखेर भरतात. कंपनीचं पेमेंट महिन्याच्या ७ आणि २२ तारखेलाच निघतं, म्हणून पैसे ७ ऑक्टोबरला. पण ऑक्टोबरचं स्टील त्याआधीच उतरवावं लागणार. तेव्हा खड्डा ३६.२८. मग पहिले ११.८० येणार.

सप्टेंबरअखेर वहीत नफा ४.८० लाख. त्याच महिन्याच्या १५ तारखेला अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा हप्ता. पुढे दिवाळीचा बोनस. आणि लिमिटमध्ये शिल्लक नऊ-दहा लाख.

ऑर्डर सोडू, अर्धी घेऊ, की माझ्या या कागदातच काही चुकतंय?

उधारी_बंद

घ्या हो! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी एवढा हिशोब केला असता तर किर्लोस्करवाडीच्या माळावर आज निवडुंगच असता. (हलकेच घ्या.)

भोसरीचा_लेथवाला

त्यांना औंधच्या राजांनी जमीन दिली होती. आम्हाला शेडचं भाडं महिन्याच्या ५ तारखेला द्यावं लागतं.

ताळेबंद

मी सीए आहे, तुमच्यासारख्या पंधरा-वीस वर्कशॉपची कामं बघतो. कागद बरोबर आहे. ताळा करून पाहिला: तीन महिन्यांची बिलं ३५.४०. त्यातून सप्टेंबरचा भरायचा राहिलेला जीएसटी ०.८१ वजा केला की ३४.५९. तुमचे गेलेले २९.७९. फरक ४.८०. म्हणजे नफा कुठे हरवलेला नाही, तो सगळाच्या सगळा गिऱ्हाइकाकडे अडकलाय, आणि त्याच्याबरोबर तुमचे तीसेक लाखही.

पण कागद ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात थांबवू नका. ऑक्टोबरअखेर खड्डा २८.१९ वर येतो. त्यानंतर दर महिन्याला आत ११.८०, बाहेर १०.२०, म्हणजे तो १.६० नेच भरत जातो. पूर्ण भरायला सतरा-अठरा महिने. तेही ऑर्डर १० लाखांवरच थांबली तर. कंपनी खूष होऊन वर्षभरात ऑर्डर १५ लाखांवर नेली तर पुन्हा नवा खड्डा, आणि तोही पहिला न भरताच. वर ११ टक्क्यांनी तीस लाखांचं व्याज महिन्याला २७ हजारांच्या घरात जातं, ते तुमच्या १.६० मधून वजा करा.

माझ्याकडे अडचणीत आलेली जी वर्कशॉप येतात त्यांतली बरीच कामाअभावी अडकलेली नसतात. काम वाढलं त्या वर्षी अडकलेली असतात.

आता सीसीचं. उलाढालीवर आधारलेलं एक जुनं सूत्र आहे, नायक समितीचं. लघुउद्योगाला अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल बँकेने द्यावं, ५ टक्के उद्योजकाने स्वतःचं घालावं. तुमची उलाढाल २.४० कोटी, म्हणजे आजच ४८ लाखांपर्यंत मागता येतं. तुमची लिमिट २५ आहे याचा अर्थ बहुतेक इतकाच, की मध्यंतरी कुणी वाढवून मागितली नाही. नवी ऑर्डर धरली तर ३.६० कोटींवर ७२ लाख.

पण लिमिट मंजूर होणं वेगळं आणि पैसे उचलता येणं वेगळं. उचल ड्रॉइंग पॉवरवर, म्हणजे स्टॉक आणि उधारी बघून बँक काढते त्या मर्यादेवर. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमधून बँक आधी मालाची देणी वजा करते, मग स्टॉकवर साधारण २५ टक्के मार्जिन काढते, उधारीवर त्याहून जास्त. आणि ९० दिवसांपुढची येणी बहुतेक बँका धरतच नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकाने चौथा महिना लावला की एका बाजूने पैसे आले नाहीत आणि दुसऱ्या बाजूने लिमिटही आकसली. दोन्ही एकाच आठवड्यात. नेमक्या गरजेच्या वेळी.

वाढीव लिमिटचा अर्ज आत्ताच टाका. मॅनेजरसमोर हाच कागद ठेवा. सप्टेंबरच्या २५ तारखेला, चेक परत जायच्या बेतात असताना गेलात तर तोच मॅनेजर तुम्हाला आजारी पेशंटसारखा बघेल.

शंकासुर

मला या फोरकास्टचं कौतुक कळत नाही. आमच्या कंपनीत तीन माणसं वर्षभर एक्सेल भरतात आणि एकही आकडा खरा ठरत नाही. ज्योतिषी तरी शांत करायचा उपाय सांगतो.

ताळेबंद

आकडा खरा ठरावा म्हणून तो काढतच नाहीत. कुठल्या आठवड्यात कमी पडणार आणि साधारण किती, एवढं दोन महिने आधी कळलं तरी काम झालं. वर ३६.२८ लिहिलंय, प्रत्यक्षात ३३ होईल किंवा ३९. पण ऑक्टोबरचा पहिला आठवडा जड जाणार हे बदलणार नाही. आणि ते जूनमध्ये कळलं तर हातात चार वाटा असतात, ऑक्टोबरमध्ये कळलं तर एकच: खासगी फायनान्सवाला.

तुमच्या कंपनीत बहुधा वार्षिक बजेट करतात आणि त्यालाच फोरकास्ट म्हणतात. छोट्या धंद्याला १३ आठवड्यांचा तक्ता पुरतो, म्हणजे एक तिमाही. वर आठवडे, खाली "आले" आणि "गेले", पहिल्या रकान्यात आजची बँकेतली शिल्लक. दर सोमवारी गेला आठवडा खोडून खरा आकडा लिहायचा आणि शेवटी एक नवा आठवडा जोडायचा. अर्ध्या तासाचं काम. पहिले दोन महिने आकडे हास्यास्पद चुकतात, मग कुठलं गिऱ्हाईक किती थापा मारतं ते आपोआप कळू लागतं.

एकच पथ्य: पैसे येण्याची तारीख बिलावरच्या मुदतीवरून घालू नका. टॅलीतून त्या गिऱ्हाइकाची गेल्या वर्षाची बिलं आणि बँकेत जमा झाल्याच्या तारखा शेजारी शेजारी ठेवा. ४५ दिवस म्हणणारा ७२ व्या दिवशी देत असेल तर तक्त्यात ७२. आणि "येईलच" अशी ऑर्डर तक्त्यात नको. पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) हातात आल्याशिवाय ओळ उघडायची नाही.

शंकासुर

हे मान्य. सोमवारी खोडायचं हे आमच्याकडे कुणी करत नाही.

कृष्णाकाठ

लेथवाले, तुमचा खड्डा तीस लाखांचा. आमच्याकडं हाच खेळ शेकडो कोटींत चालतोय, आणि दरसाल. आमच्या घरातला ऊस तीन पिढ्या कारखान्याला जातोय, मी स्वतः काही वर्षं कारखान्याच्या अकाउंट खात्यात काढलीत, म्हणून लिहितोय.

गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस तुटल्यापासनं १४ दिवसांत एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, नाही दिली तर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणजे देणं चार-पाच महिन्यांत एकदम. आणि साखर? ती केंद्र सरकार ठरवून देईल त्या कोट्याप्रमाणं महिन्या-महिन्यानं विकायची. गोदाम भरलेलं असतंय, पण त्याच्यातलं पोतं आपल्या मर्जीनं बाहेर काढता येत नाही. मग पोत्यावर राज्य सहकारी बँकेची नाही तर जिल्हा बँकेची माल तारण उचल. बँक साखरेच्या मूल्यांकनाच्या ठरावीक टक्केच देणार, त्यातनंही आधीच्या कर्जाचं टॅगिंग, म्हणजे पोत्यामागं ठरलेली वसुली, कापून घेणार. राहिलेल्यात शेतकऱ्याचं बिल बसत नाही. मग आंदोलन, मग बैठक, मग हप्ते.

आकडेच सांगतो. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला. त्या हंगामात एफआरपी टनाला २,७५० होती, १० टक्के उताऱ्याला. २०२५-२६ च्या हंगामाला ती ३,५५० केली, १०.२५ टक्के उताऱ्याला. १०.२५ उतारा म्हणजे टनामागं १०२.५ किलो साखर. तिला ३१ नं गुणा: ३,१७७. बाजारभाव ३१ च्या वर असतोय, मोलॅसिस, बगॅस, वीज ह्याचेही पैसे येतात, हे खरं. पण पोत्यावर उचल किती बसायची ह्याचं गणित ह्या दरांभोवतीच फिरतंय.

राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायला मुभा देणारा शासन निर्णय काढला. कारखान्यांच्या बाजूनं बघितलं तर ते रोखीचं दुखणं खरंच होतं. पण त्यांचं दुखणं शेतकऱ्याच्या खिशात ढकलायचाच तो प्रकार. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला, बरोबरच केलं. आमच्या घरी सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं असतंय. कारखान्याचा दुसरा हप्ता हंगामानंतर आला तर आम्ही काय वहीतली येणी सोसायटीला दाखवायची?

इथेनॉलवर सगळे कारखाने का तुटून पडले, त्याचंही उत्तर इथंच आहे. साखरेला गिऱ्हाईक शोधा, कोट्याची वाट बघा. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडनं २१ दिवसांत. नफा दोन्हीकडं सारखा असता तरी कारखानदार इथेनॉलकडंच गेला असता. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला आडकाठी घातली, तेव्हा आमच्याकडं नफ्याची चर्चा कमी आणि "आता बिलं कशी निघणार" ह्याचीच जास्त झाली.

उधारी_बंद

कृष्णाकाठ, मस्त लिहिलंत. लेथवरून उसाच्या फडात गेलो, पण विषय तोच निघाला.

फराळवाली_डोंबिवली

माझं गणित तुमच्या सगळ्यांच्या उलटं आहे म्हणून लिहिते. दिवाळीचा फराळ करून देते, निम्म्याहून जास्त डबे परदेशात जातात. पैसे सगळे आधी. ऑगस्टअखेर बुकिंग उघडतं आणि गणपती उठेपर्यंत खात्यात बरीच मोठी रक्कम जमते.

ऐकायला छान वाटतं ना? पण तो पैसा माझा नसतो. त्यात हरभरा डाळ, भाजके पोहे, तूप, सुका मेवा यांचे पैसे आहेत. बायकांची रोजंदारी आहे. कुरिअरवाल्याचं भाडं आहे, जे वजनावर असतं आणि जे बुकिंगच्या दिवशी नव्हे, पार्सल जाईल त्या दिवशीच्या दराने द्यावं लागतं. आणि फुटलेल्या चकल्यांचे परतावेही आहेत. आमच्याच ओळखीतल्या एकींनी भरलेलं खातं बघून सप्टेंबरात गाडीचं डाउन पेमेंट केलं आणि ऑक्टोबरात तुपाचे डबे उधारीवर घेतले, दर डब्यामागे वाढीव भावाने.

मी आगाऊ रकमेचं खातंच वेगळं ठेवलंय. डबा पोचल्याचा निरोप आला की त्या ऑर्डरचे पैसे त्या खात्यातून धंद्याच्या खात्यात घेते. तोपर्यंत त्यातून फक्त त्याच ऑर्डरींचा कच्चा माल. आणि दिवाळीनंतर जे उरतं त्याला वर्षाचं उत्पन्न समजून सात महिन्यांत वाटते, कारण जानेवारी ते जुलै लाडू-चिवड्याच्या किरकोळ ऑर्डरींवर गॅसचं बिलही निघत नाही.

ताळेबंद

ताई, दुसरं खातं हा फार कामाचा उपाय आहे. माझ्या अशीलांपैकी जे जीएसटीचे पैसे दर बिलाच्या वसुलीबरोबर वेगळ्या खात्यात टाकतात त्यांना २० तारखेची धास्ती नसते. बाकीचे १९ ला रात्री फोन करतात. उशिरा भरला तर १८ टक्के व्याज, म्हणजे सीसीपेक्षा कितीतरी महाग उसनवारी.

देवगडचा_पाहुणा

आमच्याकडे आंब्याचं असंच. फवारणी, राखण, खतं, गडी यांचा खर्च पावसाळ्यानंतर सुरू होतो, पैसे येतात मार्चअखेर ते मे. मधले महिने वाशीच्या दलालाच्या उचलीवर काढायचे. मग पेटी त्यालाच घालावी लागते, भाव तो सांगेल तो आणि वर कमिशन. ज्यांनी मागच्या हंगामातून फवारणीपुरते पैसे बाजूला ठेवले ते पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट पेटी देतात. बाग दोघांचीही तीच, झाडंही तीच.

स्टुटगार्टकर

इथे जर्मनीत बिलावर सर्रास लिहिलेलं असतं: १४ दिवसांत दिलेत तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण. स्कोंटो म्हणतात. आमची कंपनी तर तो घेतेच घेते, अकाउंटवाले त्यावर टपलेले असतात. लेथवाल्यांनी असं काही विचारून बघावं का?

ताळेबंद

विचारायला हरकत नाही, पण आधी हिशोब करा. ६० ऐवजी १४ दिवसांत, म्हणजे ४६ दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून २ टक्के सोडणं हे वर्षाच्या हिशोबात १६ टक्क्यांहून जास्त पडतं. सीसी ११ ला असताना हे महाग. सीसी संपली असेल तरच.

त्यापेक्षा ट्रेड्स बघा, म्हणजे छोट्या उद्योगांची बिलं वटवायची ऑनलाइन यंत्रणा. तिथे तुमचं बिल कंपनीने मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि दोन-तीन दिवसांत पैसे तुमच्या खात्यात. व्याजदर ठरतो कंपनीची पत बघून, तुमची नव्हे. कंपनीने नंतर बुडवले तर बँक तुमच्याकडे येत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली आहे. गोम एवढीच की नोंदणी सक्तीची आहे, तुमचं बिल तिथे मान्य करणं नाही. त्यासाठी पर्चेसवाल्याच्या मागे लागावं लागतं.

खरेदी_खातं

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, एका कंपनीच्या पर्चेसमध्ये. शिव्या पडायच्या आधी चार कामाच्या गोष्टी सांगतो.

एक तर ६० दिवस तुम्ही मान्य केलेच कसे? तुमची उद्यम नोंदणी (सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) असणार, उलाढाल १० कोटींच्या आत म्हणजे सूक्ष्म उद्योग. २००६ च्या एमएसएमई कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. अर्थात व्याज कुणी मागत नाही, कारण मागितलं की पुढची ऑर्डर नाही. पण आमच्या फायनान्सवाल्यांना त्या व्याजापेक्षा आयकर कायद्यातलं ४३बी(एच) टोचतं. १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२३-२४ च्या हिशोबालाच, लागू झालेलं हे कलम म्हणतं की सूक्ष्म-लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येणार. त्या मार्चमध्ये आमच्याकडे जी बिलं वर्षभर कुणाला सापडत नव्हती ती एका आठवड्यात सापडली! काही कंपन्यांनी उलट पुरवठादारांनाच "उद्यम रद्द करा" म्हणून सांगितल्याचंही ऐकलंय. तसं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

दुसरं, दिवस जीआरएनपासून मोजतात, आणि खरा घोळ तिथे असतो. माल गेटवर उतरला तरी क्वालिटीवाल्यांनी होल्डवर ठेवला की जीआरएन नाही. कायद्यात मात्र आहे की माल उतरल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर उतरल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस. हे वाक्य पीओवर घालून घ्या.

तिसरं, अगदी किरकोळ. बिलावर पीओचा लाइन नंबर चुकला, किंवा दर पीओपेक्षा दहा पैसे जास्त आला, की सिस्टीम बिल पार्क करते, म्हणजे अडकवून ठेवते. कुणीही तुम्हाला फोन करत नाही. तुम्ही ५५ व्या दिवशी विचारता तेव्हा कळतं, मग नवी तारीख. आमच्याकडे उशिरा गेलेल्या पेमेंटपैकी निम्मी तरी याच कारणाने. बिल पाठवल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी पर्चेसला नव्हे, अकाउंट्सच्या बिल पासिंगवाल्याला फोन करा. "पार्क नाही ना?" एवढंच विचारा.

आणि शेवटचं. मटेरियल तुमचं का? फ्री इश्यू मागा, म्हणजे मटेरियल कंपनीनेच द्यायचं. कंपनीला स्टील मिलकडून तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतं.

भोसरीचा_लेथवाला

खरेदी_खातं, या शेवटच्या ओळीसाठी तुम्हाला एक मिसळ लागू. रात्री हिशोब केला.

लेबर बेसिसवर घेतली तर बिल १०.०० ऐवजी ४.५०, सुटतात तेच १.६०. स्टीलचे ६.४९ गेलेच नाहीत. तीन महिन्यांत बाहेर जाणारे पैसे जीएसटी धरून दहा लाखांच्या थोडे वर. ३६ कुठे, १० कुठे.

मटेरियल आमचंच ठेवून नुसते ६० चे ४५ दिवस केले तर पहिले पैसे ७ ऑक्टोबरऐवजी २२ सप्टेंबरला आणि सगळ्यात खोल खड्डा २७ च्या आत. म्हणजे पंधरा दिवसांची किंमत नऊ-साडेनऊ लाख. मी आजवर या पंधरा दिवसांवर कधी भांडलो नाही, दरातल्या आठ आण्यांवर भांडत आलो.

मावसभाऊ नाराज आहे. म्हणतो, उलाढाल कमी दिसेल, बँक लिमिट कशी वाढवेल?

ताळेबंद

भावाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. लेबरवर उलाढाल ३.६० ऐवजी २.९४ कोटी दिसेल. पण २० टक्क्यांनी त्यावरही ५८ लाख निघतात, तुमची गरज त्याच्या आत आहे. उलाढाल दाखवण्यासाठी सव्वीस लाख अडकवायचे का, हे त्यालाच विचारा.

उधारी_बंद

फ्री इश्यूत एक मेख आहे. रिजेक्शन झालं तर मटेरियलची डेबिट नोट येते, म्हणजे तेवढे पैसे कापले जातात, आणि ती कंपनीच्या दराने. नव्या पार्टला सुरुवातीला चार-पाच टक्के रिजेक्शन धरून चाला.

भोसरीचा_लेथवाला

अपडेट. आज कंपनीत जाऊन आलो. हा कागद घेऊनच गेलो होतो. पर्चेस मॅनेजरने पहिली दहा मिनिटं कौतुकाने बघितला, मग म्हणाला, असे कागद सप्लायर आणत नाहीत, अडचण आली की फोन बंद करतात.

ठरलं असं: पहिले सहा महिने मटेरियल त्यांच्या स्टोअरमधून. पीओवर ४५ दिवस, पंधरा दिवसांच्या हरकतीचं वाक्यही घातलं. पेमेंटच्या तारखा ७ आणि २२ याच, त्या बदलत नाहीत. रिजेक्शनची डेबिट नोट तीन टक्क्यांपुढे. ट्रेड्सचं त्यांनी "बघू" म्हटलंय, म्हणून तक्त्यात घातलेलं नाही. लिमिट वाढवायचा अर्ज सोमवारी देतोय, ४० लाखांचा.

कृष्णाकाठ

अभिनंदन! पण एक विचारू का? फ्री इश्यू झालं, मग टर्निंगचा स्क्रॅप कुणाचा? आमच्या गावातल्या लेथवाल्याचा आठवड्याचा पगार त्या स्क्रॅपवरच निघतोय.

भोसरीचा_लेथवाला

बरोबर नस पकडलीत. कोटेशनमध्ये स्क्रॅप धरलाच नव्हता, तो वरचा पैसा होता आणि भंगारवाला रोख देतो. आता तो कंपनीचा. त्यांचं म्हणणं, वजन करून परत पाठवा. टेम्पोचं भाडं आमच्या गळ्यात.

ताळेबंद

परत पाठवायची गरज नाही. जॉबवर्करची (म्हणजे दुसऱ्याच्या मटेरियलवर काम करणाऱ्याची, आता तुमची) जीएसटी नोंदणी असेल तर स्क्रॅप त्याच्याच जागेवरून परस्पर विकता येतो, कर भरून. कंपनीला सांगा, ठरावीक वजन आणि ठरावीक दर धरून स्क्रॅप तुम्हीच विकत घेता, आणि ती रक्कम लेबरच्या बिलातून वळती करा. म्हणजे रोख तुमच्याकडे आठवड्याला येईल आणि कंपनीला ती ४५ दिवसांनी द्याल. एवढी एक उधारी तरी तुमच्या बाजूने पडू दे.

भोसरीचा_लेथवाला

हे डोक्यात आलं नव्हतं. उद्याच मेल टाकतो. पीसमागे स्क्रॅपचं वजन ड्रॉइंगवरून काढतोय, बारचं वजन वजा तयार पार्टचं वजन. ते मान्य झालं की तक्त्यात "आले" खाली दर शनिवारी एक छोटी ओळ वाढेल.